करवत आणि कलाशाखा

कलाशाखेचा विद्यार्थी आणि सुतारकाम हे शब्द एका दमात उच्चारले की आपल्याकडे लोक हसतात. विज्ञानशाखेच्या मुलाने विमानाची प्रतिकृती केली तर तो 'प्रोजेक्ट' ठरतो. आमच्यापैकी कोणी केली तर ते 'खेळणे'. गेले आठ महिने मी एका जुन्या द्विपंखी विमानाची प्रतिकृती करीत आहे. त्या अनुभवाच्या बळावर एक मत मांडण्याचे धाडस करतो. हाताने वस्तू घडविणे हा वाचनाचाच एक प्रकार आहे, आणि कलाशाखेने तो वेशीबाहेर ठेवून स्वतःचेच नुकसान करून घेतले आहे.

विमान कोणते, ते आधी सांगतो. इंग्लंडमधील डी हॅविलंड कंपनीचे 'जिप्सी मॉथ'. ते 1928 साली आले. लाकडी सांगाडा, कापडाने मढविलेले पंख, सुमारे 100 अश्वशक्तीचे चार सिलिंडरांचे एंजिन आणि एकामागे एक अशा दोन उघड्या बैठका. पंख मागे दुमडून ते चिंचोळ्या जागेत ठेवता येई. 1930 साली आगाखान पारितोषिकासाठी अस्पी इंजिनिअर इंग्लंडहून भारताकडे आणि जे. आर. डी. टाटा भारतातून इंग्लंडकडे निघाले, ते याच जातीच्या विमानांतून. आणि त्याच वर्षी, 5 मे रोजी एमी जॉन्सन ही सव्वीस वर्षांची तरुणी आपल्या गडद हिरव्या 'जेसन' विमानात बसून लंडनजवळच्या क्रॉयडनहून निघाली, ती 24 मेला ऑस्ट्रेलियातील डार्विनला पोचली. अंतर सुमारे 11,000 मैल, आणि सोबतीला कोणी नाही. इंग्लंडहून ऑस्ट्रेलियापर्यंत एकटीने उड्डाण करणारी ती पहिली स्त्री. ते विमान आज लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये आहे. माझी प्रतिकृती त्याचीच.

ही एमी जॉन्सन शेफील्ड विद्यापीठाची बी.ए. होती, विषय अर्थशास्त्र. म्हणजे आपल्याच गोतातली! पदवीनंतर ती लंडनमध्ये एका वकिलाच्या कचेरीत नोकरी करीत होती. पण विमान चालवायला शिकताना तिने पानाही हाती धरला आणि 1929 साली विमानाच्या देखभालीचा रीतसर परवाना मिळविला. ब्रिटनमध्ये तोवर कोणत्याही स्त्रीला तो मिळाला नव्हता. पदवीने तिचा हात बांधला नाही, एवढेच मला आपल्या मित्रमैत्रिणींना सांगायचे आहे.

आता कामाविषयी. मी एकास चोवीस हे प्रमाण घेतले. खऱ्या विमानाच्या एका फुटाला प्रतिकृतीत अर्धा इंच. मूळ पंखांचा विस्तार 30 फूट, म्हणून माझा 15 इंच. बाल्साचे लाकूड, बांबूच्या कामट्या, पतंगाचा कागद आणि नायलॉनचा धागा, एवढेच साहित्य. परंतु प्रमाण ठरले की प्रश्न सुटत नाहीत. ते तिथून सुरू होतात. लांबी चोवीसपट कमी झाली की पृष्ठभाग 576 पटींनी आणि आकारमान 13,824 पटींनी कमी होते. खऱ्या विमानाचे रिकामे वजन सुमारे 400 किलो धरले, तर त्या हिशेबाने माझ्या विमानाचे वजन जेमतेम 29 ग्रॅम भरायला हवे! 6 मिलिमीटर जाडीची तार इथे पाव मिलिमीटरची होते. म्हणजे मोठ्या वस्तूची लहान वस्तू करताना नुसते आकडे भागून चालत नाही. काय राखायचे आणि काय सोडायचे याचा निर्णय घ्यावा लागतो. भाषांतर करणाऱ्याला हा पेच नवा नाही. कादंबरीचे नाटक करणाऱ्यालाही नाही.

तारांचेच पाहा. वरखाली दोन पंख आणि मध्ये तारांचे जाळे, हे चित्रात शोभेसाठी काढल्यासारखे वाटते. वस्तुतः तो पूल आहे. त्या काळचा पातळ, हलका पंख एकटा असता तर वाकला असता. दोन पंख खांबांनी जोडून त्यांत तिरप्या तारा ताणल्या की रेल्वेच्या पुलासारखी कैची तयार होते. ऑक्टेव्ह शनूट या अमेरिकेतील स्थापत्य अभियंत्याने 1896 च्या आपल्या ग्लायडरमध्ये पुलाची ही रचना आणली आणि राइट बंधूंनी तीच पुढे उचलली. काही तारा हवेत असताना पंख वर मोडू देत नाहीत, तर काही जमिनीवर असताना त्यांना खाली झुकू देत नाहीत. हे मी पुस्तकात वाचले होते. पण नुसत्या खांबांवर लटपटणारा पंख तिरपा धागा ओढताच ताठ उभा राहिला, तेव्हा ते वाक्य मला खऱ्या अर्थाने कळले.

यावर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा की, यात वेळ जातो आणि हाती येते ते उडतही नाही. मान्य. पण आपला निबंध तरी कुठे उडतो? दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. कलाशाखेचा विषय माणूस, यंत्र नव्हे. मला वाटते, इथेच आपली गल्लत होते. यंत्र माणसानेच केलेले असते, आणि त्यात त्याचा काळ, त्याची गरिबी, त्याची भीती सगळे उतरलेले असते. एमी जॉन्सनचे विमान रंगूनजवळ इन्सेन येथे मैदानावर उतरताना चरात गेले आणि पंख मोडला. तेथील तंत्रशाळेच्या शिक्षकांनी आणि विद्यार्थ्यांनी ते दुरुस्त केले. पंखाला ठिगळे लावण्यासाठी शर्ट फाडले गेले. पहिल्या महायुद्धातून उरलेल्या विमानाच्या कापडाचेच ते शर्ट शिवलेले होते! युद्ध, बाजार, साम्राज्य आणि शिंप्याची सुई या साऱ्यांचा इतिहास त्या एका ठिगळात आहे. हा विषय कलाशाखेचा नसेल, तर मग कोणाचा?

खरी अडचण वेगळीच आहे. विचार करणाऱ्याने हात चालवायचा नाही आणि हात चालविणाऱ्याला कोणी विचारायचे नाही, अशी वाटणी आपल्या समाजाने शतकानुशतके केली आणि जातीच्या उतरंडीने ती पक्की केली. आम्ही समतेवर उत्तम भाषणे करतो, पण खिळा ठोकायचा झाला की शिपायाला हाक मारतो. आमच्या आळीतले सुतारकाका चौथीपर्यंत शिकलेले. "आधी लाकडाची नस बघ, मग पट्टी काप," हे त्यांनी मला दाखविले नसते तर माझा एकही पंख सरळ झाला नसता. त्यांच्या ज्ञानाला आपल्या महाविद्यालयात ना खुर्ची, ना मानधन.

1937 साली वर्ध्याला गांधीजींनी हस्तोद्योगातून शिक्षणाची कल्पना मांडली. तिचे पुढे आपण काय केले, ते सर्वांना ठाऊक आहे. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराविना सुतार, माळी, कुंभार यांच्याजवळ शिकावे, असे सुचविले आहे. मग बी.ए.च्या विद्यार्थ्यानेच काय पाप केले आहे?

म्हणून प्राध्यापक मंडळींना माझी नम्र सूचना आहे. वर्षाकाठी एका विषयात, ज्याची इच्छा असेल त्याला निबंधाऐवजी वस्तू सादर करू द्या. विमानच हवे असे नाही. कोणी मोट करील, कोणी हातमाग, कोणी छपाईचा खिळा. सोबत चार पाने टिपण मागा आणि तोंडी परीक्षाही कसून घ्या. फक्त त्या परीक्षेला परीक्षक म्हणून एका कारागिराला बोलवा, त्याला रीतसर मानधन द्या, आणि त्याची खुर्ची तुमच्या खुर्चीशेजारी मांडा. पुस्तकातून उतरवून काढलेला मजकूर कदाचित तुमच्या नजरेतून सुटेल. सैल बसलेला सांधा त्याच्या बोटांतून सुटणार नाही.