महानदीचे पाणी मोजले जाते, वाळूचे काय?

भिलाई – दुर्ग-भिलाई या जोडशहरांच्या परिसरातून वाहणारी शिवनाथ नदी पुढे शिवरीनारायणच्या परिसरात महानदीला मिळते आणि महानदी ओडिशा ओलांडून पारादीपजवळ बंगालच्या उपसागरात विसर्जित होते. या पाण्याच्या वाटपावरून छत्तीसगड आणि ओडिशा या राज्यांत निर्माण झालेला वाद १२ मार्च २०१८ रोजी केंद्र सरकारने न्यायाधिकरणाकडे सोपविला. वादाची सारी परिभाषा पाण्याची आहे. परंतु नदी पाण्याबरोबर वाळू आणि गाळही वाहून नेते. त्याच वाळूवर समुद्रकाठची काही बेटे, जगातील कासवांचे एक मोठे प्रजननस्थळ आणि हजारो माणसांची वस्ती उभी आहे. या घटकाचा विचार वादाच्या चर्चेत अभावानेच आढळतो.

वाळूचे आडबांध

महानदी, ब्राह्मणी आणि बैतरणी या तीन नद्यांनी मिळून ओडिशाचा त्रिभुज प्रदेश घडविला आहे. मुखाशी आलेली वाळू समुद्र तेथेच राहू देत नाही. नैर्ऋत्येकडून येणाऱ्या लाटांमुळे ती किनाऱ्यालगत ईशान्येकडे सरकत राहते आणि कालांतराने किनाऱ्याला समांतर असे लांबट दांडे व बेटे तयार होतात. भूगोलाच्या परिभाषेत त्यांना रोधक बेटे म्हणतात. समुद्र आणि जमीन यांच्यामध्ये ती आडबांधासारखी उभी असतात. त्यांच्या आडोशाला पाणी शांत राहते, गाळ बसतो आणि खारफुटी रुजते. भितरकनिकाचे सुप्रसिद्ध खारफुटीचे जंगल अशाच आडोशाला वाढले आहे.

या बेटांचे वैशिष्ट्य म्हणजे ती स्थिर नसतात. एका बाजूने झिजणे आणि दुसऱ्या बाजूने वाढणे हा त्यांचा स्वभावधर्म आहे. वाळूचा पुरवठा चालू असेपर्यंत ही झीज भरून निघते. तो आटला की बेट मागे हटते, तुटते किंवा नाहीसे होते.

दुष्काळाने उभारलेले कोठार

महानदीच्या मुखाच्या उत्तरेला हुकीटोला हे ठिकाण आहे. इंग्रजी दस्तऐवजांत हा परिसर ‘फॉल्स पॉइंट’ या नावाने ओळखला जाई, कारण उत्तरेकडे जाणाऱ्या जहाजांचे कप्तान त्याला पामिरास पॉइंट समजून फसत. त्यासाठी येथे १८३८ मध्ये दीपगृह उभारण्यात आले.

१८६५ मध्ये पाऊस हुकला आणि १८६६ च्या भीषण दुष्काळात ओडिशातील सुमारे दहा लाख माणसे मृत्युमुखी पडली. बाहेरून तांदूळ आणण्याचा निर्णय झाला तोवर पावसाळा तोंडावर आला होता आणि खवळलेल्या समुद्रात धान्य उतरविणे जवळजवळ अशक्य झाले. या अनुभवानंतर हुकीटोला येथे दगडी कोठार बांधण्यात आले. छपरावरील पावसाचे पाणी साठविण्याची सोयही त्यात करण्यात आली होती.

या बंदराला स्थैर्य मात्र लाभले नाही. २२ सप्टेंबर १८८५ रोजी झालेल्या चक्रीवादळात फॉल्स पॉइंट येथे ९१९ मिलिबार इतका विलक्षण कमी वायुभार नोंदविला गेला आणि समुद्राची प्रचंड लाट आत घुसून हजारो लोक मरण पावले. त्यानंतर बंदराचे महत्त्व ओसरत गेले. वाळूच्या भूमीवर माणसाची योजना किती काळ टिकते, याचा हा जुना धडा आहे.

कासवे आणि सात गावे

हुकीटोलाच्या उत्तरेला गहिरमाथा हा किनारा आहे. ऑलिव्ह रिडले कासवांच्या माद्या येथे लाखोंच्या संख्येने अंडी घालतात, ही बाब वैज्ञानिक जगापुढे १९७४ मध्ये आली. स्थानिकांना ती पूर्वीपासूनच ठाऊक होती. त्या काळापर्यंत येथील अंडी सरकारी परवान्याने नावा भरून नेली जात. १९७५ मध्ये भितरकनिका अभयारण्य घोषित झाल्यावर हा प्रकार थांबला आणि १९९७ मध्ये गहिरमाथा सागरी अभयारण्य अस्तित्वात आले.

दरम्यान किनाऱ्याचे रूपच पालटले. १९८९ च्या वादळात गहिरमाथ्याचा दांडा मुख्य भूमीपासून तुटला आणि त्याचे बेट झाले. १९९७ मध्ये त्या बेटाचेही दोन तुकडे झाले. आता कासवे प्रामुख्याने या नासी बेटांवर येतात. जवळच पूर्वीचे व्हीलर बेट आहे. तेथून क्षेपणास्त्रांच्या चाचण्या होतात आणि २०१५ मध्ये त्याला डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचे नाव देण्यात आले.

महाराष्ट्राला हा विषय दूरचा वाटण्याचे कारण नाही. मार्च २०२१ मध्ये गहिरमाथ्यावर खूणपट्टी लावलेली एक मादी जानेवारी २०२५ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातील गुहागरच्या किनाऱ्यावर अंडी घालताना आढळली. पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यावरील कासवे एकमेकांपासून पूर्णतः विभक्त नाहीत, हे त्यातून स्पष्ट झाले.

माणसांची कथा अधिक वेदनादायक आहे. गहिरमाथ्यालगतचा सातभाया हा सात गावांचा समूह. गेल्या काही दशकांत त्यातील बहुतेक गावे समुद्राने गिळली. शेते, विहिरी आणि शाळा वाळूखाली वा पाण्याखाली गेल्या. अखेर ५७१ कुटुंबांचे बागपटिया येथे पुनर्वसन करण्यात आले. एप्रिल २०१८ मध्ये गावची देवता पंचुबाराही हिच्या मूर्तीही तेथे हलविण्यात आल्या. या देवतेची पूजा मच्छिमार समाजातील विवाहित स्त्रियाच करीत आल्या आहेत. मूर्ती अवजड असल्यामुळे त्या उचलण्यापुरता पुरुषांना स्पर्शाचा अधिकार द्यावा लागला. परंपरेने शतकानुशतके पाळलेला नियम समुद्राने मोडायला लावला.

वाळू अडली कोठे?

या झिजेचे खापर एकाच कारणावर फोडणे योग्य ठरणार नाही. चक्रीवादळे, समुद्राची वाढती पातळी आणि नद्यांच्या मुखांचे नैसर्गिक स्थलांतर ही कारणे आहेतच. १९६६ मध्ये सुरू झालेल्या पारादीप बंदराच्या लाटारोधक भिंतींनी किनाऱ्यालगत सरकणाऱ्या वाळूचा मार्ग अडविला. दक्षिणेला साचणारी वाळू उपसून उत्तरेला टाकण्याची योजना बंदराच्या आराखड्यात होती. तरीही उत्तरेकडील किनारा वाचविण्यासाठी दगडी भिंत बांधावी लागली.

परंतु सर्वांत मोठा अडसर नदीवरच आहे. जानेवारी १९५७ मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते उद्घाटन झालेल्या हिराकूड धरणाची साठवणक्षमता गाळ साचून एक चतुर्थांशाहून अधिक घटली आहे. शिवनाथ, हसदेव आणि मांड या छत्तीसगडमधील उपनद्यांची वाळू प्रथम या जलाशयात अडते. खाली समुद्राकडे जाणारी वाळू आता मुख्यतः तेल आणि ओंग यांसारख्या ओडिशातील उपनद्यांकडून येते.

येथे दोन्ही राज्यांच्या भूमिकांतील विसंगती उघड होते. छत्तीसगडने उद्योगांसाठी महानदीवर कलमा, बसंतपूर, मिरौनी यांसारखे बंधारे बांधले, त्यामुळे उन्हाळ्यातील प्रवाह घटला, अशी ओडिशाची तक्रार आहे. तिच्यात तथ्य असो वा नसो, वाळूचा मोठा वाटा ओडिशातील धरणानेच सहा दशकांहून अधिक काळ अडवून धरला आहे. छत्तीसगडलाही हात झटकता येणार नाहीत. राजिमपासून आरंगपर्यंत महानदीच्या पात्रातून बांधकामासाठी उपसली जाणारी वाळू हिराकूडपर्यंतही पोहोचत नाही. भिलाईचा पोलाद कारखाना तांदुळा आणि गंगरेल जलाशयांच्या पाण्यावर चालतो. तेव्हा येथील नागरिकही या नदीचे लाभधारक आहेत. १९९८ मध्ये दुर्गजवळ शिवनाथच्या पाण्याचे व्यवस्थापन खासगी कंपनीकडे देण्यात आले, तेव्हा पाण्यावर हक्क कोणाचा, हा प्रश्न देशभर गाजला होता. वाळूबाबत असा प्रश्न कोणी विचारलेला नाही.

हिशेबाचा प्रश्न

केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या २०१६ आणि २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार वाळूउपशापूर्वी, उपसलेली वाळू पुन्हा भरून येईल का, हे तपासणे आवश्यक आहे. पण हा प्रश्न त्या घाटापुरता विचारला जातो. नदीच्या मुखाला किती वाळू लागते, हे त्यात येत नाही. केंद्रीय जल आयोग टिकरपाडा येथे पाण्याबरोबर तरंगता गाळही मोजतो. तळाशी घसरत जाणारी जाडी वाळू मात्र या मोजणीत येत नाही, आणि किनारे मुख्यतः तिनेच घडतात.

म्हणून न्यायाधिकरणाच्या वा भावी नदी मंडळाच्या हिशेबात वाळूचा रकाना असणे आवश्यक आहे. पुराच्या पहिल्या लोंढ्यात बंधाऱ्यांची दारे उघडून गाळ पुढे जाऊ देणे, उपशाची मर्यादा खोऱ्याच्या पातळीवर ठरविणे आणि बंदरात उपसलेली वाळू खोल समुद्रात न टाकता उत्तरेकडील किनाऱ्याला देणे, हे उपाय विचारात घेण्याजोगे आहेत. हिराकूडचा प्रश्न अधिक कठीण आहे आणि त्यावर झटपट तोडगा नाही, हेही मान्य केले पाहिजे.

ऑक्टोबर १९९९ च्या महाचक्रीवादळात ओडिशात सुमारे दहा हजार लोक मरण पावले. केंद्रपाडा जिल्ह्यातील ज्या गावांपुढे खारफुटीचा पट्टा रुंद होता तेथे मृत्यूंचे प्रमाण कमी होते, असे २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून दिसून आले. ऑक्टोबर २०२४ मध्ये ‘दाना’ चक्रीवादळ याच भितरकनिका-धामरा पट्ट्यावर धडकले. खारफुटी टिकते ती वाळूच्या आडोशाने, आणि हा आडोसा नदीच्या देण्यावर अवलंबून असतो. दोन राज्यांच्या वाटणीत समुद्रकाठच्या या तिसऱ्या वारसाला स्थान मिळते की नाही, यावरून महानदीचा निवाडा न्याय्य होता का, हे पुढील पिढ्या ठरवतील.