जुन्या मालमोटारीचे वंगणतेल

मीरा-भाईंदरच्या उबदार, दमट हवेत जुन्या डिझेल मालमोटारीस साधे चाळीस नंबरी तेल चालून जाते. तीच गाडी पौषात कांदा भरण्यासाठी निफाडला रात्रभर उभी राहिली, की अडचण येते. तेथे थंडीच्या लाटेत पारा कधी कधी ५ अंशांखाली उतरतो. गारठून दाट झालेले तेल बेअरिंगपर्यंत उशिरा पोहोचते व तेवढ्यात झीज होते. इंजिन तेल पिते म्हणून आणखी दाट तेल ओतणे, हे तर दुखणे झाकणेच होय. अशा गाडीस १५डब्ल्यू-४० तेल इष्ट. ते गारठ्यात लवकर वाहते आणि तापल्यावर चाळीस नंबरीइतकेच दाट राहते. मात्र उत्पादकाची पुस्तिका आधी पाहावी. पहाटे इंजिन सुरू होताच जोर देऊ नये; तेलदाबाचा काटा वर चढू द्यावा.