गुण दिसतात, गुणी दिसत नाही

गेल्या दिवाळीत माझे एक जुने स्नेही फराळाला आले होते. वीस वर्षे अमेरिकेत काढलेला माणूस. तिकडच्या व्यावसायिक बास्केटबॉलचा भारी षौकीन. चकलीचा पहिला तुकडा मोडता मोडता त्यांनी त्या खेळाची कर्मकहाणी सुरू केली. "अहो, खेळ गेला हो कामातून! आता तिथं खेळाडू खेळत नाहीत, गणिताचे मास्तर खेळतात. कोण मैदानात असताना संघाचं काय झालं, तो बाकावर बसल्यावर काय झालं, याच्या वह्या भरायच्या आणि त्या वह्यांवरून माणसाची किंमत करायची. कला कधी त्रैराशिकात बसते का?"

घरातल्या सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावणार होतो, पण तोंडातून प्रश्न निघून गेला, "तुमचा आवडता खेळाडू कोणता?" त्यांनी नाव सांगितले आणि छाती फुगवून पुस्ती जोडली, "सामन्याला तीस-तीस गुण करायचा!"

आता याला काय म्हणावे? आकड्यांना शिव्या देऊन चार मिनिटे झाली नाहीत, तोच आपल्या दैवताची थोरवी सांगायला यांनी साक्षीला बोलावला तो आकडाच! संख्याशास्त्राच्या विरुद्ध गळा काढणारे बहुतेक लोक असेच असतात. त्यांचे वैर आकड्याशी नसते, नव्या आकड्याशी असते. जुना, सोपा, लहानपणापासून पाठ झालेला आकडा त्यांना आकडा वाटतच नाही; तो त्यांना डोळ्यांनी पाहिलेले सत्य वाटतो. म्हणून मोजावे की मोजू नये, हा वादच मुळी खोटा आहे. मोजतो तर आपण सगळेच. खरा वाद, काय मोजावे आणि काय मोजायचे राहून गेले, हा आहे. त्या राहून गेलेल्या गोष्टींत कित्येक माणसे उभीच्या उभी बुडून जातात, म्हणून हा वाद घालण्याजोगा आहे.

ज्या वाचकांनी हा खेळ पाहिला नसेल त्यांच्यासाठी दोन शब्द. एका बाजूला पाच खेळाडू, दुसऱ्या बाजूला पाच. दहा फूट उंचीवर एक कडे. अठ्ठेचाळीस मिनिटांचा सामना. कड्यातून चेंडू गेला की गुण. आपल्या मराठीने इथे मोठी गंमत करून ठेवली आहे. कड्यात चेंडू टाकून मिळतो तोही 'गुण', आणि माणसाच्या अंगी असतो तोही 'गुण'. शब्द एक म्हणून वस्तूही एकच, असा समज करून घेणे फार सोपे आहे. पाचांपैकी चेंडू एका वेळी एकाच्याच हातात असतो. मग उरलेले चौघे काय करतात? कोणी सहकाऱ्याला वाट करून देण्यासाठी प्रतिस्पर्ध्यापुढे भिंतीसारखा उभा राहतो. कोणी नुसता एका कोपऱ्यात थांबून शत्रूच्या एका गड्याला तिथे अडकवून ठेवतो. कोणी चाल येण्याआधीच ओळखून दोन पावले सरकतो. प्रेक्षकाचा डोळा मात्र चेंडूबरोबर धावतो. ज्या डोळ्याची आपण एवढी फुशारकी मारतो, तो दहा माणसांतले एक माणूस पाहतो आणि दहांचा निवाडा देतो!

याचा सर्वांत मोठा पुरावा म्हणजे १९६२ साल. त्या वर्षी २ मार्चला विल्ट चेंबरलेन या अजस्र खेळाडूने न्यूयॉर्कविरुद्ध एका सामन्यात शंभर गुण केले. त्या हंगामातली त्याची सरासरी सामन्याला पन्नासाच्या वर होती. हे दोन्ही विक्रम आजतागायत कोणी मोडलेले नाहीत. पण त्या वर्षीचे अजिंक्यपद कोणाकडे गेले? बोस्टनकडे. वाटेत बोस्टनने चेंबरलेनच्याच फिलाडेल्फियाला सातव्या, निर्णायक सामन्यात दोन गुणांनी हरवले. बोस्टनचा आधारस्तंभ बिल रसेल. त्याची सरासरी एकोणीस गुणांचीही नव्हती. प्रतिपक्षाची फेक हवेतच अडवावी आणि ती प्रेक्षकांत न भिरकावता आपल्या गड्याच्या हाती जाईल अशी अडवावी, ही त्याची विद्या. तेरा हंगामांत त्याने अकरा अजिंक्यपदे मिळवली. आणि त्याने एकूण किती फेकी अडवल्या? ते सांगता येत नाही. कारण अडवलेल्या फेकींची अधिकृत नोंद ठेवायला त्या संघटनेने सुरुवात केली ती १९७३-७४ च्या हंगामात. रसेल निवृत्त होऊन चार वर्षे उलटल्यावर! ज्या विद्येने एका माणसाने एका युगावर राज्य केले, त्या विद्येसाठी वहीत रकानाच नव्हता.

इथे माझे स्नेही म्हणतील, "पण १९६२ साली सर्वोत्तम खेळाडूचा मान रसेललाच मिळाला ना? वहीवाचून मिळाला ना?" मिळाला; आणि ही गोष्ट मी मुळीच लपवणार नाही. परंतु त्या काळी तो मान खेळाडूंच्या मतांनी दिला जात असे. ज्यांच्या फेकी रसेलने अडवल्या होत्या, त्यांनीच त्याला मते दिली. अंगावर वळ उठलेल्या माणसाला छडीची लांबी मोजावी लागत नाही. प्रश्न तुमच्या-माझ्यासारख्या सज्जात बसून शेंगा खाणाऱ्यांचा आहे, आणि दुरून पगार ठरवणाऱ्या मालकांचा आहे.

"आकड्याने खेळ मेला" म्हणणाऱ्यांना मी आणखी एक गोष्ट विचारतो. हा खेळ जिवंत राहिला तो कशाने? १९५० च्या नोव्हेंबरात फोर्ट वेन आणि मिनियापोलिस या संघांचा एक सामना झाला. त्याचा निकाल काय लागला? १९ विरुद्ध १८! आघाडी घेणारा संघ चेंडू नुसता हातात घेऊन वेळ काढू शके. प्रेक्षक जांभया देत. या दुखण्यावर उपाय काढला तो सिरॅक्यूस संघाचे मालक डॅनी बियासोने यांनी. या गृहस्थांची बोलिंगची जागा होती. ते काही गणिताचे पंडित नव्हते. त्यांनी हिशेब केला: रंगलेल्या सामन्यात दोन्ही संघ मिळून सुमारे १२० फेकी करतात, अठ्ठेचाळीस मिनिटांचे सेकंद होतात २,८८०, भागाकार आला २४. चोवीस सेकंदांत फेक केलीच पाहिजे, असा नियम १९५४ मध्ये आला आणि खेळात पुन्हा प्राण आला. ज्या वेगाला माझे स्नेही 'कला' म्हणतात, तो वेग त्रैराशिकाच्याच पोटी जन्मलेला आहे, मंडळी!

आता नव्या हिशेबाकडे वळू. त्याचे मूळ तत्त्व एखाद्या चौथीतल्या मुलीलाही कळेल. जवळच्या फेकीला दोन गुण, ठरावीक रेषेपलीकडून केलेल्या फेकीला तीन. हा नियम १९७९ पासूनचा. समजा, मधल्या अंतरावरून शंभर फेकी केल्या आणि ४२ साधल्या, तर झाले ८४ गुण. रेषेपलीकडून शंभर फेकी केल्या आणि ३६ च साधल्या, तरी झाले १०८. जुन्या वहीत पहिला नेमबाज ठरतो आणि दुसरा चुकार. आता सांगा, खोटे कोण बोलत होते? नवी वही, की जुनी?

पण खरी मौज आहे ती बचावाच्या हिशेबात. शेन बॅटियर नावाचा एक खेळाडू २००६ साली ह्यूस्टनच्या संघात आला. सामन्याला मोजके गुण, उडी बेताची, वेग बेताचा. जुन्या वहीच्या हिशेबी हा माणूस म्हणजे खोगीरभरती. परंतु ह्यूस्टनचे व्यवस्थापक डॅरिल मोरी यांच्या लक्षात आले की, हा मैदानात असला म्हणजे आपला संघ सुधारतो आणि समोरचा बिघडतो. कोबी ब्रायंटसारख्या धनुर्धराला अडवण्याचे काम याच्याकडे असे. हा त्याची फेक अडवायला उडत नसे. त्याच्या डोळ्यांपुढे तळहात धरी, आणि जिथून त्याचा नेम कमी लागतो त्याच जागेकडे त्याला ढकलत नेई. ती जागा कोणती, हे त्याने आकड्यांवरून आधी अभ्यासलेले असे. कोबीची फेक चुकली की प्रेक्षक म्हणत, "आज कोबीचा दिवस नाही!" तो दिवस घालवणारा माणूस शेजारीच उभा आहे, हे कोणाच्या ध्यानीमनीही येत नसे. २००९ मध्ये मायकेल लुईस यांनी त्याच्यावर एक दीर्घ लेख लिहिला, तेव्हा लोकांना तो 'दिसला'. पुढे मायामीच्या संघातून २०१२ आणि २०१३ अशी दोन अजिंक्यपदे त्याने पाहिली. मी विचारतो, अशा माणसाला न्याय कोणी दिला? "कला मोजता येत नाही" म्हणणाऱ्या रसिकांनी, की त्याचे नसणे मोजून पाहणाऱ्या रुक्ष हिशेबनीसांनी?

इतके बोलल्यावर मी हिशेबनीसांचा भाट झालो, असे कोणी समजू नये. त्यांच्याही पदरात माप घालायचे आहे. खेळाडू मैदानात असताना आपले गुण वजा शत्रूचे गुण, हा त्यांचा आवडता आकडा. पण चार शूरांच्या संगतीत एखादा आळशी उभा राहिला, तर त्याच्याही नावावर विजय जमा होतो. आणि दुबळ्या संघातल्या गुणवंताच्या कपाळी वजाबाकीच येते. हा दोष काढण्यासाठी कोण कोणाबरोबर आणि कोणाविरुद्ध खेळला, याची हजारो गणिते जुळवावी लागतात. ती जुळवूनही चूकभूल उरतेच. प्रामाणिक हिशेबनीस ती चूकभूल आकड्याबरोबरच सांगतो. लबाड मालक मात्र ती पुसून टाकतो आणि खेळाडूपुढे नुसता आकडा फेकून म्हणतो, "ही तुझी किंमत!" अशा वेळी तो आकडा विद्या राहत नाही, चाबूक होतो. शिवाय मोजले जात आहे हे कळले की माणसे मोजापुरतीच वागू लागतात. डाव संपता संपता अर्ध्या मैदानावरून चेंडू भिरकावला, तर संघाचा झाला तर फायदाच. पण आपली टक्केवारी घसरेल म्हणून २०२५ पर्यंत कित्येक खेळाडू तो मुद्दाम एक क्षण उशिरा फेकत असत! दोष नुसत्या खेळाडूचा नव्हे; एका आकड्यात माणूस कोंबणाऱ्याचाही आहे.

आणि २८ मे २०१८ ची रात्र? ती मी विसरलेलो नाही. पासष्ट सामने जिंकून आलेला ह्यूस्टनचा तोच हिशेबी संघ, गोल्डन स्टेटविरुद्ध सातवा सामना, मध्यंतराला अकरा गुणांची आघाडी. आणि त्याच सामन्यात रेषेपलीकडच्या सलग सत्तावीस फेकी चुकल्या! संघ हरला. आकड्यांच्या वैऱ्यांनी त्या रात्री दिवाळी साजरी केली. पण ज्याने "शंभरांत छत्तीस साधतात" असे सांगितले, त्याने "चौसष्ट चुकतात" हेही त्याच दमात सांगितले होते ना? त्या चुका कोणत्या रात्री एकत्र भेटीला येतील, हे त्याने कधी सांगितले नव्हते. शिवाय ख्रिस पॉल हा त्यांचा मोहरा जायबंदी होऊन बाहेर बसला होता. एका रात्रीच्या पावसावरून पंचांग फाडायचे नसते. आणि पंचांग आहे म्हणून छत्री घरी ठेवायची नसते.

एक तक्रार मात्र मला मान्य आहे. सगळेच संघ रेषेपलीकडून चेंडू फेकू लागल्याने खेळ एकसुरी झाला आहे. १९७९-८० मध्ये अशा फेकी एका संघाच्या वाट्याला सामन्यागणिक तीनही येत नसत. २०२३-२४ मध्ये त्या पस्तिसाच्या घरात गेल्या. पण हा अपराध गणिताचा नव्हे. तीन गुणांचा भाव माणसांनी ठरवला, रेषा माणसांनी आखली. नको असेल तर बियासोनेंसारखा कागद घ्या, भागाकार करा आणि रेषा हलवा. तराजूने वजन खरे सांगितले म्हणून कोणी तराजू विहिरीत टाकतो काय?

माझे स्नेही हे सारे ऐकून घेत होते. पटले की नाही, देव जाणे! उठता उठता ते माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "काही म्हणा, तुमच्याकडचा फराळ म्हणजे फराळ! चकली अशी की बोलायची सोय नाही." मी नम्रपणे हसलो. माझ्या हातून फक्त ताट पुढे सरकवले गेले होते. पण शेवटचा हात माझा, म्हणून गुण माझ्या नावावर. भाजणी कोणी भाजली, पहाटे चारला कढईपाशी कोण बसले होते, याची नोंद कुठल्याच वहीत नव्हती. आत स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज एक क्षण थांबला, आणि पुन्हा सुरू झाला.