आधी अडचण, मग पॅटर्न



गॅमा, हेल्म, जॉन्सन आणि व्लिसाइड्स यांनी १९९४ च्या पुस्तकात २३ डिझाइन पॅटर्न मांडले. कोडिंग शिकणारी मुलं ते पाढ्यांसारखे पाठ करताना दिसतात. मला हे पटत नाही.

निकालपत्रकाच्या प्रोग्राममध्ये मीही 'वर्ग एकच' म्हणून सिंगलटन वापरला, म्हणजे वर्गाचा एकच ऑब्जेक्ट. पुढच्या वर्षी तिसरी-चौथी दोन्ही माझ्याकडे आल्या, अन् चौथीचे गुण तिसरीच्या पत्रकात! साधे दोन ऑब्जेक्ट पुरले असते.

पॅटर्न कधी वापरावा, त्याचे परिणाम काय, हेही त्याच पुस्तकात दिलंय. नेमकं तेच आपण वगळतो.

शाब्दिक उदाहरणात आपण विचारतोच ना, "इथे गुणाकारच का?" तसंच इथेही विचारा, "अडचण काय आहे? साध्या कोडने भागणार नाही का?" उत्तर पटलं तरच पॅटर्न.