दार उघडणारे हात



१९२० सालची गोष्ट. अमेरिकेतला एक कृष्णवर्णीय मुलगा वडिलांकडे मेक्सिकोला निघाला होता. सेंट लुईसपाशी आगगाडी मिसिसिपी नदी ओलांडत होती, दिवस मावळत होता. खिशातल्या एका लिफाफ्याच्या पाठीवर त्याने कविता लिहून काढली. हा मुलगा म्हणजे लँग्स्टन ह्यूज. १९२१ च्या जूनमध्ये ती कविता न्यूयॉर्कच्या ‘द क्रायसिस’ मासिकात छापून आली.

तिथे साहित्य संपादक होत्या जेसी फॉसेट, स्वतःही कृष्णवर्णीय. गोऱ्या प्रकाशकांकडे कृष्णवर्णीय लेखकांना क्वचितच थारा मिळे. त्या दिवसांत फॉसेटबाई नवख्यांचं लेखन मन लावून वाचत, त्यांना पत्रं लिहीत, हार्लेममधल्या आपल्या घरी लिहिणाऱ्यांना एकत्र बोलावत. कृष्णवर्णीयांच्या या नव्या साहित्याचं बाळंतपण ज्या तिघांनी केलं, त्यांत ह्यूज यांनी पुढे आत्मचरित्रात फॉसेटबाईंचं नाव आवर्जून घेतलं.

१९२६ मध्ये बाईंनी ‘क्रायसिस’ सोडलं आणि त्या प्रकाशन व्यवसायात काम शोधू लागल्या. कातडीचा रंग आड येत असेल, तर घरी बसून हस्तलिखितं वाचायचीही तयारी त्यांनी एका स्नेह्याला कळवली. काम मिळालं नाही. कॉर्नेल विद्यापीठाच्या या विदुषी, एव्हाना कादंबरीकारही झालेल्या, पुन्हा शाळेत शिकवू लागल्या. इतरांसाठी दार उघडणाऱ्या बाईंना स्वतःला मात्र उंबऱ्याबाहेरच राहावं लागलं. ही गोष्ट वाचल्यापासून आम्ही अस्वस्थ आहोत.

कारण हे दुखणं आपल्या ओळखीचं आहे. ‘क्रायसिस’चे संस्थापक संपादक डू बॉइस यांना बाबासाहेब आंबेडकरांनी १९४६ मध्ये पत्र लिहिलं, ते अस्पृश्यांचं आणि अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं दुःख एका जातीचं आहे हे ओळखून. १९७२ मध्ये मुंबईत उभ्या राहिलेल्या दलित पँथरने नाव घेतलं ते तिकडच्या ब्लॅक पँथरवरून. आणि औरंगाबादेत गंगाधर पानतावणे यांनी ‘अस्मितादर्श’ या नियतकालिकातून नव्या हातांना लिहितं केलं, वर्षानुवर्षं.

गुणवत्ता आपली वाट आपण शोधते, असं म्हणणं सोपं आहे. लिफाफ्यावरच्या ओळींनाही वाचणारं माणूस लागतं. ओळखीपाळखीच्या वर्तुळात फिरणारी नियतकालिकं, कुणी मुद्दाम दुष्टपणा न करताही, कित्येकांना बाहेर ठेवतात. हा दोष आमच्याही पदरी आहे. म्हणून यंदा आम्ही ठरवलं, की आधी अनोळखी पत्त्यांवरून आलेलं टपाल उघडायचं. या दिवाळी अंकाची पहिली पानं त्यातूनच भरली आहेत.

वाचकहो, ही नावं तुम्हाला नवी वाटतील. फराळाचं ताट बाजूला ठेवून आधी त्यांचंच लेखन वाचा. आवडलं तर त्या लेखकाला दोन ओळींचं पत्र जरूर टाका.

दीपावलीच्या मनःपूर्वक शुभेच्छा!

— संपादक