मोबाइलनं नाही मारला आमचा कॅरम

दिवाळी जवळ आली की पुण्या-मुंबईला स्थायिक झालेल्या आमच्या गाववाल्यांना युसूफ वडगावचा कॅरम क्लब आठवायला लागतो. पत्र्याची खोली, बोरिक पावडर, बल्बखाली वाकलेली डोकी, दोन रुपये बोर्ड, हरेल त्यानं द्यायचे. ‘काय ते दिवस, काय ते खेळाडू!’ आणि शेवटी ठरलेलं वाक्य: मोबाइलनं सगळं मारलं.

मी त्या खोलीत पाटीवर हिशेब लिहायचो. माझा स्वतःचा हात बेताचा, त्यामुळे बघायला वेळ भरपूर. म्हणून सांगतो, हे वाक्य खोटं आहे. जिओचं स्वस्त इंटरनेट आलं २०१६च्या सप्टेंबरात. आमच्या खोलीला कुलूप लागलं २०१३ साली. तेव्हा गावात बहुतेकांच्या खिशात बटणांचे फोन होते.

सगळ्यांना ‘तो’ आठवतो. त्याचं नाव लिहीत नाही. पहिल्या स्ट्रोकपासून नऊच्या नऊ पांढऱ्या आणि राणी घेऊन, समोरच्याला स्ट्रायकर हातात न देता बोर्ड संपवताना मी त्याला दोनदा पाहिलंय. परवा एकानं लिहिलं, संधी मिळाली असती तर तो आपला मारिया इरुदयम झाला असता. चेन्नईचे इरुदयम कॅरममध्ये दोनदा जगज्जेते झाले, अर्जुन पुरस्कार मिळाला. ‘संधी मिळाली असती तर’ हे छान आहे. ती कुणी द्यायची होती? त्याला बीडला जिल्ह्याच्या स्पर्धेला पाठवायचं भाडंसुद्धा आपण कधी गोळा केलं नाही. पैजा मात्र लावल्या.

त्याचं पुढं काय झालं, ते कुणी लिहीत नाही. बापावर उचल फिटायची होती. ऊसतोडीचा हिशेब कोयत्यावर चालतो आणि कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटा गडी अर्धा कोयता. एकोणिसाव्या वर्षी त्याचं लग्न लावलं. मुलीचं वय मुकादमानं विचारलं नाही. पंगतीत बसलेल्या आपणही विचारलं नाही. दसरा झाला, ट्रक लागला, दोघं गेली. उन्हाळ्यात परतल्यावर तो दोनदा क्लबच्या दारापर्यंत आला. कडेवर पोर होतं. आत बसला नाही.

अमेरिकेतल्या पूल हॉलसाठीही असाच गळा काढला जातो. नेड पोल्स्की या समाजशास्त्रज्ञानं १९६७च्या पुस्तकात त्यावर सरळ बोट ठेवलं होतं: ते हॉल उभे होते बिनलग्नाच्या पुरुषांच्या जगावर, ते जग आटलं, तसे हॉलही आटले. आमच्याकडे ते जग कोयत्यानं आटवलं, एकेका हंगामात दोन-दोन, चार-चार पोरं उचलून. उरलीसुरली २०१२-१३च्या दुष्काळात चाकणला, रांजणगावला गेली. मग दोन रुपये बोर्डवर खोलीचं भाडं निघेना. एवढंच झालं.

‘तू प्रत्येक गोष्टीतला आनंद काढून घेतोस,’ असं मला म्हणतात. नाही बाबांनो. मलाही ती खोली आवडायची. बागायतदाराचा मुलगा आणि त्याच्याच सालगड्याचा मुलगा तिथं समोरासमोर बसायचे, हे खरं आहे. बोर्ड संपल्यावर चहा सांगायला कोण उठायचं, तेही मला आठवतं. आणि राणी घेतली की आपण टाळ्या पिटायचो त्या खोलीचा उंबरा एकाही बाईनं ओलांडला नाही. स्ट्रायकर पंधरा ग्रॅमचा; त्याला काही पैलवानकी लागत नाही. त्याची बायको ऊस तोडून मोळ्या डोक्यावरून ट्रकवर चढवते. तिला कधी कुणी विचारलं का, खेळतेस का म्हणून?

आता वर्गणी काढून ‘जुन्या खेळाडूंची स्पर्धा’ ठरलीय. नवा बोर्ड येणार, फ्लेक्स लागणार, त्यावर त्याचाही फोटो आहे. तारीख भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवसाची, कारण तुम्हाला रजा तेव्हा. त्या दिवशी तो कर्नाटकात फडात असेल. दरवर्षी असतो.

मी ग्रुपवर लिहिलं, अक्षय्य तृतीयेनंतर ठेवा, तोवर माणसं परत येतात. दोघांनी अंगठा दाखवला. तारीख आहे तीच आहे.