बार्बीचा रंग का बदलला?



ऑक्टोबर २०२४ मध्ये मॅटेल कंपनीने दिवाळीची बार्बी बाजारात आणली. सावळा वर्ण, फुलाफुलांचा लेहंगा, चोळी आणि वर कोटी. पोशाख मुंबईच्या अनिता डोंगरे यांचा. आपल्यापैकी अनेकांना आनंद झाला आणि तो रास्तच होता. मात्र कंपनीला अचानक आपला पुळका आला, असे समजण्याचे कारण नाही. ही बाहुली कधी आणि का बदलते, हे तिच्या इतिहासातच दिसते.

मॅटेलच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या रूथ हँडलर यांची मुलगी बार्बरा कागदी बाहुल्यांशी खेळताना त्यांना मोठ्या बायका मानत असे. त्या काळी अमेरिकेतल्या बहुतेक बाहुल्या म्हणजे तान्ही बाळे; मुलींनी खेळातही आईच व्हायचे. १९५६ साली स्वित्झर्लंडमध्ये रूथबाईंना 'लिली' ही जर्मन बाहुली दिसली. तिच्यावरून बार्बी घडली आणि ९ मार्च १९५९ रोजी न्यूयॉर्कच्या खेळण्यांच्या प्रदर्शनात आली. किंमत ३ डॉलर. बाहुली एकदाच घ्यायची, कपडे मात्र घेतच राहायचे, ही धंद्यातली खरी मेख!

श्रेय द्यायचे तिथे द्यायलाच हवे. अमेरिकेची पहिली महिला अंतराळात गेली १९८३ साली. बार्बीने अंतराळवीराचा पोशाख १९६५ सालीच घातला होता. रंगाच्या बाबतीत मात्र कंपनीची पावले फार सावकाश पडली.

१९४० च्या दशकात केनेथ आणि मेमी क्लार्क या मानसशास्त्रज्ञ दांपत्याने कृष्णवर्णीय मुलांसमोर गोऱ्या आणि काळ्या बाहुल्या ठेवल्या. बहुतेक मुलांनी गोरी बाहुली 'चांगली' ठरवली. शाळांमधला वर्णभेद बेकायदा ठरवणाऱ्या १९५४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात या संशोधनाचा आधार घेतला गेला. तरीही बार्बीची कृष्णवर्णीय मैत्रीण क्रिस्टी आली १९६८ साली, आणि 'बार्बी' हेच नाव असलेली कृष्णवर्णीय बाहुली १९८० साली. ती किटी ब्लॅक पर्किन्स यांनी घडवली. भारतात साडी नेसलेली बार्बी विकली गेली, तीही गोऱ्या चेहऱ्याचीच!

२००१ साली वेगवेगळ्या वर्णांच्या 'ब्रॅट्झ' बाहुल्या आल्या आणि बार्बीला घाम फुटला. पुढे २०१२ पासून तिची विक्री घसरत गेली. मग २०१६ साली तीन नव्या अंगकाठ्या आणि सात वर्णछटा आल्या. ग्राहकांनी पाठ फिरवली की कंपनीचे डोळे उघडतात, असा याचा सरळ अर्थ. आपल्या मुली या देशात मोठ्या होत आहेत आणि आपणही ग्राहक आहोत. दुकानात सावळी बाहुली दिसली नाही तर मागायला हवी.

आमच्या मते खरा प्रश्न त्यापुढचा आहे. मुलीच्या हातात सावळी बार्बी द्यायची आणि त्याच तोंडाने "उन्हात खेळू नकोस, काळी होशील" म्हणायचे, हे आपल्याच घरांत चालते. सुट्टीत भारतात गेल्यावर तर नातेवाइकांकडून हमखास ऐकू येते. क्लार्क दांपत्यासमोरची मुले कोणती बाहुली चांगली हे दुकानात नाही, अवतीभोवतीच्या माणसांकडून शिकली होती. तेव्हा पुढच्या वेळी असे वाक्य कानावर आले, तर मुलीसमोरच त्याला हसतमुखाने पण ठाम उत्तर द्यावे, एवढेच सुचवावेसे वाटते. पाहा पटते का.